चौथं बोट सोडून

मिसच्या घरी दुपारी भिंती हलक्या गुणगुणतात. वारज्यातला पाचवा मजला आणि मागच्या बाजूला हायवे. खिडक्या लावून घेतल्या तरी तो आवाज आत राहतोच. खालच्या पट्टीतला, एकसारखा, शेजारच्या खोलीत कुणी तंबोरा छेडत बसलंय आणि थांबायचं विसरलंय असा. मिस म्हणतात, या आवाजामुळे त्यांचा पियानो जरा उतरल्यासारखा वाटतो. पियानो खरोखरच उतरलेला आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्यांना मिस म्हणायला लागले तेव्हा मी दुसरीत होते. इंग्लिश मीडियममध्ये सगळ्याच मिस असतात, म्हणून पियानो शिकवणाऱ्याही मिसच झाल्या. आता मी नोकरी करते, त्यांनी सत्तरी ओलांडली, पण हाक बदलली नाही. आई त्यांना ‘तुझ्या पियानोच्या बाई’ म्हणते आणि त्या संगीत ‘रचतात’ म्हणजे नक्की काय करतात, हे तिला अजून नीट कळलेलं नाही. तसं ते फार कुणाला कळलेलं नाही. त्या पियानो आणि चेलोसाठी लिहितात, पाच रेघांच्या कागदावर, साहेबाच्या पद्धतीनं. पण त्याचं बीज असतं खेड्यातल्या बायकांच्या गाण्यात. दळतानाची, निंदतानाची, पाळण्यापाशी म्हणायची गाणी. त्यांच्या खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक कार्यक्रमाला येतात, पहिल्या रांगेत बसतात, आणि संपल्यावर सांगतात, “बाई, तुमचं छानच असतं. फक्त ते सुरू कधी होतं तेवढं आधी सांगत जा.”

मिस हसतात. “सुरू झालं की मी टाळ्या वाजवीन, मग तुम्ही जागे व्हा.”

मी त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जाते. त्यांचं पेन्सिलीतलं लिखाण कॉम्प्युटरवर उतरवून देते, आणि कार्यक्रम असला की पियानोशेजारी बसून पानं उलटते. हे दुसरं काम मला फार आवडतं. तुम्ही स्टेजवर असता, दिव्यात असता, आणि तरी तुमच्याकडे कुणी बघत नाही. डाव्या हातानं पानाचा वरचा कोपरा धरून ठेवायचा, वाजवणारीनं मान किंचित हलवली की उलटायचं, पुन्हा बसायचं. माझ्यासारख्या मुलीसाठी जगात याहून चांगली जागा असेल असं मला वाटत नाही.

मिसचा एक नियम होता. गाणं ऐकायला गेलं की रेकॉर्ड करायचं नाही. फोन बंद करून पर्समध्ये. कागदही नाही. नुसतं बसायचं, ऐकायचं, चहा प्यायचा आणि घरी यायचं. मग काही आठवडे त्या गाण्याला हात लावायचा नाही. “लोणच्यासारखं मुरू द्यायचं,” त्या म्हणायच्या. “त्यातून जे राहील ते माझं. जे गेलं ते त्यांचं त्यांच्याकडे परत गेलं.” त्यांचं सगळं संगीत असं आठवणीतून आलेलं आहे. मूळ गाण्यांपेक्षा थोडं वेगळं, झोपेतून उठल्यावर आठवलेल्या घरासारखं. खोल्या त्याच, पण दारं दुसरीकडे.

मागच्या थंडीत त्यांनी भातलावणीच्या गाण्यांवर काहीतरी लिहायचं ठरवलं. आम्ही दोघी नेहमीची टॅक्सी करून निघालो. खडकवासला मागे पडलं, पाण्यावर धूर साचल्यासारखं धुकं होतं, आणि बराच वेळ रस्त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला कापलेली भातखाचरं दिसत राहिली. मिस खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, “टायर बदललेत यानं. सूर चढलाय.”

ज्या घरी गेलो तिथल्या अंगणात पाच-सहा बायका जमल्या होत्या. मधली, नऊवारीवर मरून रंगाचा स्वेटर घातलेली, त्यांची पुढारी असावी. तिनं आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

“आता थंडीत लावणीची गाणी? कायतरीच बया तुमचं. चिखलात उतरल्याबिगर सुचतंय व्हय?”

“चिखल आहे असं समजा,” मिस म्हणाल्या.

“समजून कसं चालंल? वाकाया तर पायजे.”

मग त्या खरोखरच उठल्या. कोरड्या, सारवलेल्या अंगणात ओळीनं उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या, आणि हातात रोप नसताना रोप लावत लावत मागे सरकू लागल्या. आधी सगळ्या हसत होत्या. एकीचा फोन वाजला तो तिनं कमरेला तसाच दाबून धरला. मग स्वेटरवालीनं सूर उचलला आणि बाकीच्या तिच्यामागून आल्या. ते गाणं मोठं नव्हतं. तीनच सुरांत फिरायचं, खाली यायचं, आणि पुन्हा तिथूनच सुरू व्हायचं. त्याला शेवट नव्हता. भिंत आली की त्या थांबायच्या, एवढंच. ऊन उतरत होतं. मागे सरकणाऱ्या त्या बायकांच्या सावल्या त्यांच्यापुढे लांब होत होत्या, आणि मला काही वेळ वाटलं की त्या सावल्याच लावल्या जातायत, एकेक करून.

“ताई, तुमी बी म्हना की एक,” स्वेटरवाली मला म्हणाली.

मी मान हलवली. “मला येत नाही.”

“ही बोलत नाही, गाणार कुठून?” मिस म्हणाल्या. सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यात काही चुकीचं नव्हतं.

निघताना मिसनी त्यांना वचन दिलं. रचना तयार झाली की पुण्यात कार्यक्रम, आणि तुम्ही सगळ्यांनी यायचं, जीप मी पाठवते. “तुमचं गाणं तुमच्यासमोर वाजवून दाखवीन.” स्वेटरवालीनं डोळे बारीक केले. “वळखू येईल न्हवं?”

“नाही आलं तर उठून जा,” मिस म्हणाल्या.

काही आठवडे गेले. मग एका दुपारी मी गेले तर मिस पियानोवर बसलेल्या होत्या आणि खोलीत संत्र्याच्या सालींचा वास होता. “आलं,” त्या म्हणाल्या. “अख्खं आलं. ऐक.” आणि त्यांनी उजव्या हातानं एक चाल वाजवली.

ती पायरीपायरीनं वर चढत होती. तीन सूर, आणि चौथा यायच्या जागी काहीच नाही, नुसता एक श्वास. मग त्याच्या पलीकडचा सूर, हलकासा, उडी मारून आल्यासारखा.

“ही जागा बघ,” मिस म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. “ही फट. इथं ती बाई वाकते. रोप चिखलात जातं, तोवर गळा थांबतो, आणि हात वर आला की पुढचा सूर. कुणाला सुचेल असं बसून? हे कामातूनच येतं.”

मी “हो” म्हणाले. माझ्या उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलली होती.

लहानपणी शाळेच्या व्हॅनच्या सरकत्या दारात माझं बोट सापडलं होतं, उजव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. पियानोत त्याला चौथं बोट म्हणतात. ते जुळलं, पण त्यात जोर आला नाही. मिस तेव्हा प्रत्येक मुलाला वाढदिवसाला एक छोटीशी चाल लिहून द्यायच्या, त्याच्या हाताच्या मापाची. कागद मुलाला देऊन टाकायच्या, स्वतःकडे काही ठेवायच्या नाहीत. माझी चाल अशी होती की तिच्यात चौथं बोट लागतच नव्हतं. तीन बोटं चढायची, चौथ्याच्या जागी थांबायचं, आणि करंगळीनं पलीकडे उडी मारायची. तो कागद आम्ही घर बदललं तेव्हा कधीच हरवला. पण ती चाल मी शेकडो वेळा वाजवली होती. परीक्षेच्या बाकावर, बसच्या खिडकीवर, मीटिंग लांबली की लॅपटॉपच्या कडेवर अजूनही वाजवते.

त्या दुपारी मी ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली. भातलावणीचं गाणं म्हणून.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर वाजवून पाहिली. आई पोळ्या करत होती. “किती वर्षांनी,” ती मागे न बघता म्हणाली. “ते तुझं लंगडं गाणं ना?” टेबलावर सूर नसतात, नुसती टकटक असते. तिनं टकटकीवरून ओळखलं.

पुढचे कितीतरी दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. मला कळत होतं की प्रश्न चालीचा नाही. चाल त्यांचीच होती, कुठंही वापरायला मोकळी. पण मिसकडे दुसरं काही नव्हतं, आठवण सोडून. चाळीस वर्षं त्या रेकॉर्डरशिवाय, कागदाशिवाय गावोगाव फिरल्या, कारण त्यांना खात्री होती की आत जे उरतं ते खरं असतं. आणि आता त्या अंगणातल्या बायका जीपमधून पुण्यात येणार होत्या, पहिल्या रांगेत बसणार होत्या, आणि मिस त्यांना सांगणार होत्या, हे घ्या तुमचं गाणं. त्या बायका ओळखणार नव्हत्या. आणि बोलल्याशिवाय राहणाऱ्यातल्याही त्या नव्हत्या.

तालीम सुरू झाली. पियानो वाजवणारी ताई मिसचीच जुनी विद्यार्थिनी, चेलो वाजवणारा मुलगा वाघोलीहून पाठीवर चेलो बांधून स्कूटरवर यायचा. रचनेचं नाव ‘खाचर’. चेलो खाली एकच सूर धरून बसायचा, हायवेसारखा, आणि वर पियानोत ती चाल यायची, जायची, थोडी ओली होऊन परत यायची. सुंदर होतं ते. हे लिहिताना मला तेच नेमकं सांगायचं आहे, की ते फार सुंदर होतं. मिस खुर्चीवर बसून त्या फटीपाशी दर वेळी किंचित वाकायच्या.

“वाक,” मिस ताईला सांगायच्या. “मनात वाक. चिखल आहे.”

मी शेजारी बसून पान धरलेलं असायचं. दोन-तीनदा वाटलं, आत्ता म्हणावं. पण म्हणायचं काय? मिस, हा चिखल नाही, हे माझं बोट आहे?

कार्यक्रम अगदी जवळ आला तेव्हा मिसनी मला बोलावलं, सुरुवातीला त्या जे चार शब्द बोलणार होत्या ते ऐकायला. त्यांनी उभं राहून म्हणून दाखवले. शेवटी होतं, “या बायकांनी मला जे दिलं, ते मी जसंच्या तसं परत करते आहे.” मग विचारलं, “फार नाटकी नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

“चहा टाकते,” म्हणून त्या आत गेल्या.

मी पियानोच्या स्टुलावर जाऊन बसले. तिथं बसून मला बरीच वर्षं झाली होती, मी आता नेहमी शेजारच्या खुर्चीवर असते. हात ठेवला आणि माझी चाल वाजवली. लहानपणीची, पूर्ण, डाव्या हाताच्या साध्या साथीसकट, आणि शेवटी जिथं ती एकदम खाली येऊन थांबते तिथपर्यंत. तो शेवट मिसच्या ‘खाचर’मध्ये नव्हता. तो त्यांना आठवला नव्हता.

मग मिस दारात आल्या, हातात गाळणं होतं.

“परत वाजव.”

मी परत वाजवली. त्या जवळ आल्या, माझा हात पियानोवरून उचलून उजेडाकडे धरला, आणि त्या बोटाचा सांधा अंगठ्यानं दाबून पाहिला.

“दुखतं का गं अजून?”

“थंडीत थोडं.”

“व्हॅनचं दार.”

“हो.”

आतमध्ये चहा उतू गेल्याचा वास आला. आम्ही दोघीही उठलो नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे मी माझ्याच घरी चोरी केली. आता तक्रार कुणी द्यायची?” पण त्यांचा आवाज त्यांच्या नेहमीच्या विनोदाला पुरला नाही. त्या माझ्या खुर्चीवर, पानं उलटायच्या खुर्चीवर, बसल्या.

“मला दिसते गं ती,” त्या म्हणाल्या. “स्वेटरवाली. हेच म्हणताना दिसते. तिचे ओठ दिसतात. हे कसं काय?”

हायवेचा आवाज येत होता.

“मग त्यांचं खरं गाणं कुठलं? तुला आठवतं?”

मी मान हलवून नाही म्हणू शकले असते. पण मला आठवत होतं, किंवा मला तसं वाटत होतं. शब्द नव्हते आठवत, नुसते सूर. पियानोवर ते बसले नसते, ते सूर पट्ट्यांच्या मध्ये कुठंतरी होते. मग मी ते म्हटले. तोंडानं. खिडकीकडे बघत, फार हळू, तीन सुरांत फिरत, खाली येऊन, पुन्हा तिथूनच. भिंत येईपर्यंत म्हणायचं असतं, तशी मी आपण कुठं थांबायचं ते न कळून म्हणत राहिले. शेवटी मिसनी हात वर केला.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण मी हे ऐकलंय असं मला वाटतच नाही.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “आवाज बरा आहे की तुझा.”

कार्यक्रम एका शाळेच्या छोट्या हॉलमध्ये होता. जीप वेळेआधीच आली. बायका पिशव्या, डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन पहिल्या रांगेत बसल्या, आणि त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना दुसऱ्या रांगेत जावं लागलं. स्वेटरवालीनं तोच स्वेटर घातला होता. हॉलमध्ये गरम होत होतं तरी.

मिस माइकपाशी गेल्या. मी स्टेजवर माझ्या खुर्चीत होते. त्या काय बोलणार हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

“मी तुम्हाला म्हटलं होतं, तुमचं गाणं वाजवीन,” मिस त्या पहिल्या रांगेलाच उद्देशून म्हणाल्या. “ते झालं नाही. तुमचं गाणं माझ्याकडून हरवलं. माझ्या लक्षात राहिलं ते माझंच निघालं, एका लहान मुलीच्या दुखऱ्या बोटासाठी लिहिलेलं. मला वाटलं ते तुमचं आहे. आता आलाच आहात, तर ऐकून घ्या.”

कुणी हसलं, कुणी टाळी वाजवली. मिस खाली उतरून बसल्या. ताईनं सुरू केलं. मी पानाचा कोपरा धरला. सुरांवर मिसनी पेन्सिलीनं बोटांचे आकडे लिहून ठेवले होते, आदल्या दिवशीच. त्या चालीपुरतं चौथं बोट कुठंच नव्हतं. ताईनं त्यावरून कुरकुर केली होती, “माझं चौथं बोट चांगलं आहे हो मिस.” मिस म्हणाल्या होत्या, “तुझं असेल.”

चेलोचा सूर हॉलभर पसरला, आणि मग ती चाल आली. फट आली. मी पानाच्या कडेवरून पाहिलं. पहिल्या रांगेत स्वेटरवाली मांडीवर हात ठेवून ऐकत होती. फटीपाशी तिची मान खाली गेली. दुसऱ्यांदा आली, तेव्हा परत गेली. तिला कळत असावं असं मला वाटलं नाही. एकदा पान उलटायला मला थोडा उशीर झाला, आणि ताईनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

संपल्यावर चहाच्या टेबलापाशी ती बाई मिससमोर येऊन उभी राहिली. मिसनी बशी खाली ठेवली.

“आमचं न्हाईच हे,” ती म्हणाली.

“नाहीच,” मिस म्हणाल्या.

“पर लावायला बरं हाय. तितं वाकता येतंय.” तिनं चहा संपवला, कप टेबलावर ठेवला. “पावसाळ्यात या. खऱ्या चिखलात. आमचं बी ऐका, आन हे बी शिकवा आमाला.” मग कप धरताना मी बाजूला ठेवलेल्या त्या बोटाकडे तिनं पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. “हिला आना. हिचं बोट हाय न्हवं ते?”

मिसना घरी सोडायला आम्ही रिक्षा केली. कर्वे रस्त्यावर दिवे लागत होते. मिसनी शालीत हात गुंडाळून घेतले होते आणि डोळे मिटले होते. मला वाटलं, रिक्षाचा सूर ऐकतायत.

“जुलैत जाऊ तेव्हा,” त्या म्हणाल्या, “तुझा फोन चालू ठेव. खिशात. मला सांगू नकोस.”

“बरं.”

रिक्षा पुलाखालून वळली. वारजं जवळ आलं तसा तो हायवेचा आवाज हळूहळू आमच्या आत येऊन बसला. सोसायटीच्या गेटपाशी उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि थांबल्या.

“ती बाई काय म्हणाली गं मघाशी? शेवटी?”

मी त्यांना सांगितलं. लावायला बरं हाय, तितं वाकता येतंय. त्या हसल्या. लिफ्टपर्यंत चालत गेलो, बटण दाबलं. मग पुन्हा, अगदी तेवढ्याच उत्सुकतेनं,

“काय म्हणाली ती?”

लिफ्टपाशी आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी या वेळी तिच्या आवाजात सांगितलं, तिच्यासारखी मान खाली घालून, वाकून.